लाल चांदणी

जुळे सोलापुरात वन बीएचके, पूर्वेला गॅलरी,
चोवीस तास पाणी.
चोवीस तास पाणी, सोलापुरात!
तिथंच शहाणं व्हायला हवं होतं मी.
पण रात्रपाळी करून आले होते,
पायातले बूटही काढले नव्हते,
आणि फोटोतल्या ओट्यावर कुणीतरी
एक लिंबू ठेवलं होतं, एकच, पिवळंजर्द.
त्या लिंबानं घात केला.

भाडं बघायचं तर नाव टाका.
पत्ता बघायचा तर नंबर टाका.
रकान्याशेजारी बारकी लाल चांदणी,
म्हणजे चुकवून पुढं जाता येणार नाही.
टाकला.

सकाळी सव्वासातला पहिला फोन:
'वसुंधरा मॅडम ना? घर बघताय ना?'
आठला दुसरा, हडपसरहून.
मग गृहकर्ज, मग सामान हलवणारे,
मग वास्तुदोष काढून देणारा एक,
मी अजून न घेतलेल्या घराची
दक्षिण त्याला खटकत होती.
आणि रात्री पावणेबाराला
नुसता पंख्याचा आवाज.
बराच वेळ.
मग, 'एकट्याच राहणार का?'

लिंबाचं घर तर महिन्यापूर्वीच गेलेलं.
फोटो तेवढा ठेवलाय, म्हणाला एकजण,
गिऱ्हाईक यायला.

'नंबर बदल की गं,' मल्लम्मा सिस्टर म्हणाली,
वॉर्डात सलाईन लावता लावता.

कसा बदलू?
अण्णा अठ्ठावीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभे होते,
निम्मे कान तिथंच ठेवून आले.
आता गोळ्या विसरतात, जेवले का ते विसरतात,
पण माझा नंबर तेलुगूत पाठ,
मागाच्या ठेक्यात:
तोम्मिदी, रेंडु, रेंडु, धोटा उजवीकडं,
एडु, सुन्ना, धोटा डावीकडं.
मधेच अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून.
अक्कलकोट रोडला एकदा वाट चुकले
तेव्हा रिक्षावाल्याला त्यांनी पत्ता नाही सांगितला,
हा ठेका सांगितला.
आणि तो मी एका लिंबासाठी
कुणाकुणाच्या हातात दिला, मलाच ठाऊक नाही.

अशोक चौकात दुसरं सिम घ्यायला गेले.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, 'आधार द्या.
इकडं बघा, फोटो. हां.
आता दुसरा एखादा नंबर सांगा, तुमचा जुना.'
मी हसले. त्याला कळलं नाही का.

नवं सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं,
फोन शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात.
घरं बघताना आता तोच नंबर,
नाव नुसतं 'व्ही. यमूल', बाई की बाप्या कळू नये असं.
डबा दिवसभर मांडणीवर थरथरतो.
अण्णा म्हणतात, उंदीर शिरलाय.

घर शेवटी पायीच सापडलं.
दमाणी नगराच्या मागं, सायकल पंक्चरच्या दुकानाशेजारी
खडूनं लिहिलेलं: 'खोल्या देणे आहेत. आत येऊन विचारा.'
खाली चुन्याचा पट्टा, ताजा,
आणि चुन्याखालून वर येऊ बघणारा
एक नऊचा आकडा.

'लिहिला होता हो गेल्या साली,' पार्वतव्वा म्हणाल्या,
'रात्री बेरात्री कोण कोण विचारायचं,
खोलीचं कमी, माझंच जास्त.
म्हटलं, ज्याला पाहिजे तो येईल चालत.'

ओट्यावर लिंबू नव्हतं. कडक भाकरी वाळत होत्या.
नळ चार दिवसांआड, कधी पहाटे, कधी दुपारी दोनला.

'तुझा नंबर देऊन ठेव,' त्या म्हणाल्या,
'पाणी आलं की कळवायला.'

दोन्ही नंबर जिभेशी येऊन थांबले.
पर्समध्ये डबा नव्हता, तरी वाजल्यासारखा वाटला.
मग तोंडातून आधी तेलुगूच आलं, तोम्मिदी,
आणि मी पुन्हा पहिल्यापासून, मराठीत, सावकाश सांगितला.
त्यांनी चष्मा शोधला,
कॅलेंडर उलटं केलं
आणि गॅसवाल्याच्या खाली, पिठाच्या गिरणीच्या वर
पेन्सिलीनं लिहून घेतला.